अंगाला येईल



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी उजव्या गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. आता बरं आहे. असो.

गेल्या महिन्यात पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, फ्रेम मिळाली!" मला वाटलं चष्म्याची. तर सायकलची! नुसती फ्रेम, चाकं-बिकं वेगळी. कार्बनची, एकदा वापरलेली, आणि किंमत दोन लाख. त्यातले निम्मे मी माझ्या मुदत ठेवीतून देतो असं मागे बोलून बसलो होतो, म्हणून हा फोन.

गोव्यात 2019 साली 'आयर्नमॅन 70.3' ही स्पर्धा पहिल्यांदा भरली. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, आणि वर 21.1 किलोमीटर धावायचं. चिरंजिवांना यंदा तिथे उतरायचंय. सायकलच्या टप्प्यात दुसऱ्याच्या मागे चिकटून जायला बंदी असते. आम्ही पोरं उतारावर एस.टी.च्या आडोशाने सायकली हाणायचो, तसलं काही चालत नाही. प्रत्येकाने एकट्याने वारा कापायचा. याला टाइम ट्रायल म्हणतात, म्हणजे घड्याळाशी शर्यत, आणि तिच्यासाठी फ्रेमही निराळी असते.

मी सहज विचारलं, "मापाची आहे ना रे?" तर म्हणाला, "मला 52 लागते, ही 56 आहे. पण विकणारा म्हणतो सीट खाली घेतली, पुढचा भाग आखूड लावला, की बसेल."

हे 'बसेल' ऐकलं आणि मला माझे वडील आठवले.

1966 साली मी मॅट्रिकच्या वर्गात असताना वडिलांनी मला सायकल घेतली. कर्ज काढून. आमच्या घरी कपडे, चपला सगळंच वाढत्या मापाचं. सायकलही 24 इंची फ्रेमची आणली. म्हणजे पेडलच्या आसापासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंत 24 इंच. "अंगाला येईल," म्हणाले. मी काही वाढलो नाही. पाच फूट तीन इंचावर थांबलो तो थांबलोच. सीट पार खाली नळीला टेकवली तरी पाय पुरेना. कंबर या बाजूला त्या बाजूला डुलवत कॉलेज केलं, आणि नंतर पावसच्या बाजूच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा रोजचे चढउतार. तालुक्याच्या सायकल शर्यतीत एकदा उतरलो होतो, शेवटून दुसरा आलो. उतारावर पाय टेकवायला गेलो आणि टेकलाच नाही, तेव्हापासूनचा हा गुडघा. वडिलांना शेवटपर्यंत बोललो नाही. कर्ज फिटायला तीन वर्षं लागली होती, काय बोलणार?

तर नातवाचा फोन ठेवला आणि मी या फ्रेमच्या इतिहासामागे लागलो. रिकामपणचा उद्योग. पण हाती आलं ते मोठं गमतीचं आहे.

टाइम ट्रायल हा प्रकार मुळात चोरून सुरू झाला. इंग्लंडात 1890 च्या सुमारास सायकलस्वारांचे घोळके रस्त्यावर शर्यती लावत, घोडागाड्या बुजत, पोलीस येत. शेवटी सायकल संघटनेनेच रस्त्यावरच्या शर्यतींना बंदी केली. बिडलेक नावाच्या गृहस्थांनी पळवाट काढली. स्वार एकेक करून सोडायचे, प्रत्येकाची वेळ घड्याळात नोंदवायची. 5 ऑक्टोबर 1895 रोजी 50 मैलांची अशी पहिली शर्यत झाली. पुढे कित्येक वर्षं हे लोक गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, भल्या पहाटे, मार्गाचं नाव गुप्त ठेवून धावत. कोणी हटकलंच तर "शर्यत? कसली शर्यत?"

एकटा माणूस निघाला की त्याची गाठ वाऱ्याशी. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण आमच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा समजावलं होतं: वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला ताकद आठपट लागते. सपाटीवर ताशी चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती वारा कापण्यातच जाते. आणि त्या विरोधातला मोठा वाटा सायकलचा नसतो, स्वाराच्या अंगाचा असतो. सायकलीवर आपणच शिडासारखे उभे असतो ना!

हे कळलेल्या एका फ्रेंच माणसाने, मोशेने, चक्क आडवं पडून चालवायची सायकल केली. एका तासात जास्तीत जास्त किती अंतर, हा सायकलीतला जुना मानाचा विक्रम. 1914 सालचा ऑस्कर एगचा 44.247 किलोमीटरचा विक्रम कोणाला मोडता येत नव्हता. 1933 साली फ्रान्सिस फोर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या स्वाराने मोशेच्या सायकलीवर पडून 45.055 किलोमीटर काढले. मग काय, 1934 साली आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकल कशाला म्हणायचं तेच ठरवून टाकलं, आणि आडवी सायकल बाद! पुढची पन्नासेक वर्षं फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण, आपल्या पोस्टमनच्या सायकलीला असतात तेच.

नंतरची धांदल बहुतेकांना ठाऊक असेल. 1989 च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलला लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला ट्रायथलॉनवाल्यांच्या पुढे आलेल्या दांड्या लावल्या, कोपरं जवळ घेऊन अंग चोरलं, आणि सगळी शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बोर्डमनने लोटस कंपनीच्या अखंड कार्बनच्या सायकलीवर सुवर्णपदक घेतलं, आणि त्रिकोण मोडीत निघाले.

पण माझा जीव जडला तो ग्रॅम ओब्री या स्कॉटलंडच्या माणसावर. सायकलचं दुकान बुडालेलं, खिशात दमडी नाही. त्याने घरीच फ्रेम जोडली. धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग काढून पेडलच्या आसाला लावले. मधली आडवी नळीच ठेवली नाही, कारण गुडघे जवळ आणायचे होते आणि ती आड येत होती. हात छातीखाली दुमडून, पाखरू पंख मिटून बसतं तसा तो बसायचा. म्हणजे आधी अंग कसं ठेवायचं ते ठरवलं आणि मग त्याभोवती नळ्या जोडल्या.

जुलै 1993 मध्ये तासाच्या विक्रमासाठी तो नॉर्वेतल्या हामारला गेला. मोसेरचे 51.151 किलोमीटर मोडायचे होते. ओब्रीसाठी त्याच्याच सायकलीची एक सफाईदार, देखणी प्रत मुद्दाम करून घेतली होती. 16 तारखेला तो तिच्यावर बसला आणि जवळजवळ एक किलोमीटरने कमी पडला. कोणीही सामान आवरलं असतं. हा गडी म्हणाला, उद्या सकाळी परत. रात्रभर पाणी पीत राहिला, म्हणजे सारखं उठावं लागेल आणि पाय आखडणार नाहीत. 17 तारखेला त्याने आपली घरची जुनी सायकल काढली आणि 51.596 केले. सहाच दिवसांनी बोर्डमनने तो विक्रम मोडला, 1994 च्या एप्रिलमध्ये ओब्रीने परत घेतला. त्याच वर्षी पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत त्याची ती बसण्याची पद्धतच बाद ठरवली. आणि 2000 पासून त्रिकोण परत नियमात आले. माणूस मोठा, यंत्र धाकटं, असं त्या नियमांमागचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नाही, पण ओब्रीच्या बाबतीत माणूस कोण आणि यंत्र कोण, हे मला तरी वेगळं करता येत नाही.

ट्रायथलॉनवाले या नियमांच्या बाहेर. म्हणून नातवाच्या त्या फ्रेमला सीटखालची नळीच नव्हती, फोटोत ती एखाद्या किड्यासारखी दिसत होती. त्यानेच मला समजावलं की हल्ली 52-56 या आकड्यांवरही विसंबत नाहीत, कारण प्रत्येक कंपनीचं 52 वेगळं. पेडलच्या आसापासून हँडलची नळी किती उंच आणि किती पुढे, ही दोन मापं बघायची. उंचीला स्टॅक म्हणतात, पुढच्या अंतराला रीच. सीट खाली घेता येते हो, पण फ्रेमचा स्टॅकच जास्त असला तर छाती खाली जाणार कशी? दोन लाख घालून वाऱ्यात शिडासारखं उभं राहायचं!

हे त्याला सगळं ठाऊक होतं. तरी फ्रेम देखणी होती, स्वस्तात मिळत होती, आणि पाच हजार आगाऊ देऊन झाले होते. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. ओब्रीची गोष्ट सांगितली, आणि बोलता बोलता 1966 ची सायकलही निघाली. घरात कोणाला सांगितलेली नव्हती. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, पणजोबांना खरंच कधी बोलला नाहीत?"

"नाही."

चार दिवसांनी त्याचा निरोप आला की फ्रेम सोडली. पाच हजार गेले. स्वतःच्या मापाची साधी अॅल्युमिनियमची सायकल घेतलीय, तिलाच लेमाँडसारख्या दांड्या लावणार. ठेव मोडायची गरज पडली नाही. सौ. खूश.

गेल्या आठवड्यात सायकल घेऊन तो रत्नागिरीला आला होता. त्याला म्हटलं, भूगोलात शिकलास ते विसरू नको, खारे वारे दिवसा आणि मतलई वारे रात्री. तेव्हा समुद्राचा वारा सुटायच्या आत परत ये. पहाटे पाचला उठून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन साडेआठला परत यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने पडवीतली माझी जुनी सायकल पुढे ओढली. टायर कधीच कुजलेत, डायनॅमोही नाही. खिशातून टेप काढून त्याने नळी मोजली, मग मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, चपला काढायला लावल्या, आणि टाचेपासून जांघेपर्यंतचं अंतर मोजलं. फोनवर काहीतरी आकडेमोड केली.

"आजोबा," म्हणाला, "तुम्हाला 20 इंची लागली असती."