दोर्नकलचे बिशप अझरिया

ख्रिस्ती समाजाचा चांगला पुढारी कोणाला म्हणावें, या प्रश्नाचें ठराविक उत्तर सर्वांच्या तोंडीं असतें : जो सेवा करतो तो. येशूनें आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ही कथा ख्रिस्ती नसलेल्या सुशिक्षितांनाहि ठाऊक आहे. परंतु श्रोतेहो, सेवा करणें आणि सेवा करतां करतां धनीपणा गाजविणें, यांतील अंतर फार थोडें असतें. तें अंतर नेमकें ओळखणाऱ्या एका हिंदी बिशपांची हकीकत आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें.

वेदनायगम् सॅम्युएल अझरिया यांचा जन्म १८७४ सालीं तिरुनेलवेलीकडील वेळ्ळाळनविळै या खेड्यांत झाला. वडील तेथील पाळक होते. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत शिकून अझरिया १८९५ सालीं वाय. एम. सी. ए. चे चिटणीस झाले. दक्षिणेंत हिंडतांना एक प्रश्न त्यांच्या मनांत घर करून बसला. हिंदी ख्रिस्ती समाज परक्यांच्या पैशावर आणि परक्या माणसांच्या हुकमतीखालीं किती दिवस राहणार? या प्रश्नांतूनच १९०३ सालीं तिरुनेलवेलीच्या लोकांची स्वतःची मिशनसंस्था निघाली. विल्यम कॅरीनें बंगालमधील ज्या श्रीरामपुरांतून १८०५ सालीं आपल्या मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेथेंच बरोबर शंभर वर्षांनीं नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. माणसें आपलीं व पैसाहि आपला, हें तिचें तत्त्व. ते बोलून थांबले नाहींत. १९०९ सालीं चिटणिशी सोडून त्यांनीं दीक्षा घेतली आणि निजामच्या राज्यांतील दोर्नकल हें ठिकाण गांठलें. आपला मराठवाडा ज्या राज्याच्या पश्चिमेस होता, त्याच्याच पूर्व भागांतला हा तेलुगु मुलूख. या तामिळ माणसाला तेथील भाषाहि नव्यानें शिकावी लागली.

पुढच्याच वर्षीं, १९१० च्या जूनमध्यें, एडिंबरो येथें प्रॉटेस्टंट मिशनांची जागतिक परिषद भरली. सुमारें १२०० प्रतिनिधींत आशियांतून आलेले वीससुद्धां नव्हते. परदेशी मिशनरी आणि देशी कार्यकर्ते यांच्या सहकार्यावर बोलण्याचें काम अझरियांकडे आलें, आणि त्यांनीं नाजूक जागेवरच बोट ठेवलें. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल त्यांनीं मनापासून कृतज्ञता दर्शविली. पण हे त्यागी पुरुष आपल्या हिंदी सहकाऱ्याला घरीं जेवावयास बोलावीत नाहींत, धनी आणि नोकर हें नातें तुटत नाहीं, हें सांगावयासहि ते कचरले नाहींत. तुम्हीं आम्हांला पुष्कळ दिलें, आतां मैत्री द्या, असा त्या भाषणाचा शेवट होता. यजमानांच्या सभेंत पाहुण्यानें असें बोलावें, हें कित्येकांना झोंबलें.

मागणें सोपें असतें; खरी कसोटी पुढेंच होती. २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्यें अझरियांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन पंथाचे ते पहिले हिंदी बिशप. हिंदी माणसाच्या हाताखालीं काम करणें कांहीं गोऱ्यांना रुचेना, तर तिरुनेलवेलीकडील कांहीं ख्रिस्ती लोकांना त्यांची नाडार जात आड आली. आतां अधिकार त्यांच्या हातीं होता, आणि ज्यांच्यावर तो चालवावयाचा, ते बहुतेक माला आणि मादिगा या अस्पृश्य गणलेल्या जातींचे भूमिहीन मजूर होते. या दोन जातींचेंहि आपसांत पटत नसे. बाप्तिस्मा घेतल्यानें जात आपोआप सुटत नाहीं, हें बिशपांनीं ओळखलें आणि प्रभुभोजनाला सर्वांनीं एकत्र यावें, असा आग्रह धरला. शिस्तीच्या बाबतींत ते करडे होते.

तथापि त्यांच्या धुरीणत्वाचें मर्म दुसऱ्याच एका गोष्टींत दिसतें. दोर्नकलच्या बायका स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ देवळासाठीं बाजूला काढीत. घरीं दोन वेळची भ्रांत असलेल्यांकडून दान कां घ्यावें, असें कोणी म्हणेल. परंतु जो नेहमीं घेतच राहतो, तो बरोबरीनें उभा राहूं शकत नाहीं, हें एडिंबरोला बोललेल्या माणसाला पक्कें ठाऊक होतें. १९४१ पर्यंत त्या धर्मप्रांतांतील ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांवर गेली. १९३९ सालीं तेथें उभ्या राहिलेल्या कॅथीड्रलला मशिदीसारखे घुमट आणि मंदिरासारखे खांब आहेत.

१९३२ च्या जातीय निवाड्यानें ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ देऊं केले, तेव्हां अझरियांनीं त्यांस विरोध केला; धर्मसंघ हा राजकीय गट होऊं नये, असें त्यांचें म्हणणें. पदरीं पडणारें सत्तेचें दान नाकारणारा पुढारी विरळा. धर्मांतराच्या प्रश्नावर गांधीजींशीं त्यांचा तीव्र मतभेद झाला. दलितांच्या धर्मांतरामागील हेतूविषयीं गांधीजींना शंका होती. उलट आपला धर्म निवडण्याची पात्रता गरिबांतल्या गरिबालाहि आहे, ही अझरियांची श्रद्धा होती.

१ जानेवारी १९४५ रोजीं दोर्नकल येथेंच त्यांचें निधन झालें. ज्या ऐक्यासाठीं ते १९१९ च्या तरंगंबाडीच्या बैठकीपासून झटत होते, तें दक्षिण भारतीय चर्चच्या रूपानें २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रासला साकार झालें. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. एक गोष्ट मात्र मनाला चटका लावते. बत्तीस वर्षांनंतरहि, त्यांच्या मृत्यूच्या दिवशीं, स्वतंत्र धर्मप्रांताचा कारभार पाहणारे ते एकटेच हिंदी अँग्लिकन बिशप होते. एडिंबरोला त्यांनीं मागितलेली मैत्री वरच्यांकडून अशी कणाकणानें आली. खालच्यांना ती देण्यासाठीं मात्र त्यांनीं कोणाची वाट पाहिली नाहीं.