बांगडा, सुरमई आणि कुपा

आपल्या स्मरणिकेत पाककृती नेहमीच येतात. यंदा मी मासळीविषयीच लिहीत आहे. पण कालवणाविषयी नव्हे. ही मासळी माणसाने कशी ओळखली, तिला नावे कोणी दिली, याचा हा थोडासा इतिहास आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. परंतु रोज बाजार करणाऱ्या बाईला हा विषय परका नाही.

बांगडा, सुरमई आणि कुपा ही एकाच कुळातली भावंडे. कुळाची खूण शेपटीजवळ सापडते. पाठीवरचा व पोटाखालचा पर संपला की पुढे शेपटीपर्यंत सुट्या, बारीक परांची ओळ लागते. बांगड्याला ते वर पाच व खाली पाच असतात, सुरमईला आठ-दहा. बांगड्याचे तोंड उघडून पाहिले तर आत कल्ल्यांवर पिसासारखे लांब केस दिसतात. त्यांनीच तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. सुरमईच्या अंगावर उभे, नागमोडी पट्टे असतात. तिच्याच एका बहिणीच्या अंगावर पट्ट्यांऐवजी गोल ठिपके असतात. कुपा गोल, भरीव. त्याचे मांस गडद लाल असते.

आता नावांची गोष्ट. पॅट्रिक रसेल नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणला होते. आपल्याकडच्या घोणस सापाला इंग्रजीत त्यांचेच नाव आहे. त्यांनी तिथल्या दोनशे माशांची चित्रे व वर्णने १८०३ साली लंडनला छापली, आणि माशांची नावे तिथल्या लोकांच्या तोंडची घेतली. बांगड्याचे तेलुगू नाव त्यांनी ‘कानागुर्ता’ असे लिहिले. पुढे १८१६ च्या सुमारास क्युव्हिए या फ्रेंच पंडिताने तेच नाव शास्त्रात घेतले, आणि आज साऱ्या जगाचे शास्त्रज्ञ बांगड्याला त्याच नावाने ओळखतात. ज्या कोळी बंधुभगिनींच्या तोंडून ते नाव आले, त्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

सुरमईची कथा आणखी निराळी आहे. बूगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. आपल्या अंगणातल्या बोगनवेलीचे नाव त्याच दर्यावर्द्यावरून पडले. कॉमर्सन १७७३ साली मॉरिशसला वारला. त्याच्या कागदपत्रांच्या आधारे लासेपेद यांनी १८०० साली पट्ट्यांच्या सुरमईला ‘कॉमर्सन’ हे नाव दिले. या कॉमर्सनबरोबर त्याची मदतनीस म्हणून झान बारे ही एक बाई होती. फ्रेंच जहाजांवर बायांना मज्जाव. म्हणून ती पुरुषवेषात निघाली. डोंगर चढावे, झाडपाला गोळा करावा, ओझी वाहावीत, हे सारे तिने केले. १७६८ साली ताहिती बेटावर ती बाई असल्याचे उघड झाले. कॉमर्सनच्या पश्चात ती मायदेशी परतली. समुद्रमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. १७८५ साली तिला सरकारी पेन्शन मिळाले. पण एका वनस्पतीला तिचे नाव पडायला २०१२ साल उजाडावे लागले!

नावांचा एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मोजदाद ओळखीवर चालते. बांगडा एखाद्या वर्षी उदंड येतो, एखाद्या वर्षी दुर्मीळ होतो. १९४७ साली आपल्या देशात समुद्री मासळीच्या अभ्यासाची केंद्रीय संस्था निघाली; तेव्हापासून कोणती मासळी किती आली याच्या नोंदी होत आल्या. पट्ट्यांची आणि ठिपक्यांची सुरमई एकाच नावाखाली मोजली, तर त्यांतली एक कमी होत चालली तरी कोणाला कळायचे नाही. आणि ज्या मासळीवर कोळीवाड्यातल्या चुली चालतात, ती आटल्यावर कळून काय उपयोग?

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे. बाजारात घासाघीस करतो तसे कोळीण मावशीला दोन प्रश्नही विचारावेत. कोणता मासा कुठल्या महिन्यात, किती खोल पाण्यात मिळतो, हे तिला पाठ असते. आपल्यातल्या लिहित्या मुलींनी ते वहीत उतरवावे, आणि सांगणारीचे नाव वर आठवणीने घालावे.