ताबा मिळेपर्यंत

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणी काढली, त्याने मुंबईत ओनरशिपचा ब्लॉक घेतलेला नसावा. घर बांधणाऱ्याला निदान गवंड्यावर ओरडता येते, वीट हातात घेऊन ती नीट भाजली आहे की नाही हे पाहता येते. ब्लॉक घेणाऱ्याने पैसे भरावयाचे आणि वाट पाहावयाची. ही वाट पाहण्याची विद्या आमचे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू – १९७१ पासून १९७८ पर्यंत अशी सात वर्षे शिकले. त्या अध्ययनाचे सारे कागद त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. दिवाळीच्या साफसफाईत ही पेटी दर वर्षी खाली उतरते, पुसली जाते आणि पुन्हा माळ्यावर जाते. एका वर्षी मात्र ती उघडून मी तिच्यापुढे मांडी घालून बसलो, आणि माळ्याची झाडलोट तशीच राहिली.

पेटीत पावत्या होत्या, करारनामा होता आणि बिल्डरची नऊ पत्रे होती. प्रत्येक पत्रात ताब्याची नवी तारीख, आणि जुनी तारीख का हुकली याचे कारण. ती पत्रे मी तारीखवार लावली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे त्या दशकाचे इतिहासाचे क्रमिक पुस्तकच आहे. पहिल्या पत्रात डिसेंबर १९७१ चे युद्ध आहे. लोखंड मिळत नाही. दुसऱ्यात १९७२ चा दुष्काळ आहे; मजूर मिळत नाहीत. मग १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव भडकतात, १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप होतो आणि सिमेंटच्या वाघिणी अडकतात. १९७५ च्या पत्रात नुसतेच ‘सद्यःपरिस्थितीत’ एवढा मोघम शब्द आहे. त्या वर्षी फार खुलासा करण्याची कोणाचीच छाती नव्हती. आणि १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा आला, तोही बिल्डरच्या कामी आला.

यांतली काही कारणे खरी होती. सिमेंटवर तेव्हा सरकारचे नियंत्रण होते आणि परमिटावाचून पोते मिळत नसे, हे खोटे नव्हे. पण दुष्काळात मजूर मिळत नाहीत, हे वाक्य लिहिणाऱ्याच्या लेखणीला थोडी लाज वाटावयास हवी होती. त्याच वर्षी दुष्काळी तालुक्यांतून माणसे बायकापोरांसह मुंबईला येत होती आणि फुटपाथावर निजत होती. कमाल धारणेच्या कायद्याचेही तसेच. आमच्या इमारतीचा चार मजली सांगाडा तो कायदा येण्यापूर्वीच उभा होता.

आता कोणी विचारील की, फोर्टातल्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने आपली पुंजी एका अनोळखी माणसाच्या हाती दिलीच कशी? याचे उत्तर शोधावयाचे तर बरेच मागे जावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या एका रोग्याच्या गाठी पाहून डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. दाटीवाटीच्या, काळोख्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले ते या प्लेगामुळे. १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याला नवी वस्ती आखली. पण घर पाडणे हे काही दिवसांचे काम, आणि बांधणे वर्षांचे. ज्यांच्या खोल्या पडल्या, त्यांतले पुष्कळजण शेजारच्याच चाळीत दाटी वाढवीत राहिले. मुंबईत नव्या घराची वाट पाहणे जुन्या घराहून अधिक अडचणीच्या जागेत करावे लागते, हा प्रघात तेव्हापासूनचा.

या दाटीतून एक वाट श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी काढली. पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक झाली, ती पतसंस्था १९०६ साली त्यांनीच काढलेली. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतपुरवठ्यापुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांना मुभा दिली. तिचा लाभ घेऊन १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सभासदच भाडेकरू आणि सभासदच मालक, अशी ती योजना. या देशातल्या सहकारी गृहसंस्थांत ती अगदी आरंभीची. गिरगावातल्या आमच्या चाळीपासून गावदेवी हाकेच्या अंतरावर. अण्णा चौपाटीवर जाता-येता त्या बाजूने कित्येकदा गेले असतील. पण त्या मंडळींनी आधी एकत्र येऊन मग घर बांधले आणि आपण आधी पैसे भरून मग एकमेकांचे तोंड पाहणार आहोत, हा भेद त्यांना तेव्हा कोठून सुचावा?

दुसऱ्या महायुद्धाने सारेच बदलले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, ते प्रमाण धरले. त्याच सुमारास फाळणीने निर्वासितांचे लोंढे आणले. भाडे गोठलेले आणि गिऱ्हाईक दाराशी, अशा वेळी भाड्यासाठी चाळ बांधणारा मालक शहाणा म्हणावा लागला नसता. तो थांबला. राहिलेल्या खोल्यांवर पागडी आली, आणि जो नवी इमारत बांधी, तो ती भाड्याने न देता तुकड्या-तुकड्यांनी विकू लागला. हाच तो ओनरशिपचा ब्लॉक. (सरकारी मराठीने पुढे त्याला ‘सदनिका’ केले, आमच्या घरात तो शेवटपर्यंत ब्लॉकच राहिला.) इमारत उभी राहण्यापूर्वी पैसे घ्यावयाचे, आणि त्याच पैशांतून ती उभी करावयाची. कधी त्या पैशांतून दुसरीच इमारत उभी राही!

तक्रारी इतक्या वाढल्या की २० मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य तीन आठवड्यांचेही झाले नव्हते तेव्हा, सरकारने एक समिती नेमली. तिच्या पाठोपाठ १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. तो चांगलाच होता. करारनामा लेखी व नोंदलेला हवा, त्यापूर्वी विसार म्हणून २० टक्क्यांहून अधिक घ्यावयाचे नाहीत, ताब्याची तारीख लिहून द्यावयाची. आणि त्या तारखेला ताबा दिला नाही तर? तर मागेल त्याला भरलेले पैसे द.सा.द.शे. ९ टक्के सरळ व्याजाने परत.

हे कलम अण्णांना तोंडपाठ होते. आणि तेच त्यांना निरुपयोगी होते.

दर महिन्याच्या एका रविवारी ते मला मुलुंडला नेत. स्टेशनापासून वीस मिनिटे चालले की तो सांगाडा दिसे. वर गंजलेल्या सळया, खाली रानटी गवत. दुसऱ्या मजल्यावरचा ४१० चौरस फुटांचा ब्लॉक आमचा. काम बंद पडल्यापासून राखणदाराचे बिऱ्हाड त्यातच होते. पहिल्या मजल्यावर पावसाची झड येई, म्हणून ते वर आले होते. माणसे माण तालुक्यातली, दुष्काळात आलेली. आमच्या स्वयंपाकघराच्या जागी त्या बाईने तीन विटांची चूल मांडली होती. अण्णा उंबरठ्याच्या जागेपाशी वहाणा काढीत आणि पाहुण्यासारखे आत जात. “बसा की दादा, तुमचंच घर हाय,” असे म्हणून ती आम्हाला काळा चहा देई. अण्णा भिंतीवर हात फिरवीत, चहा घेत आणि उठत.

चाळीत आम्ही दोन खोल्यांत सातजण. आजीने गावाहून सागवानी देव्हारा आणला होता. तो ठेवावयास जागा नव्हती, म्हणून गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलेला. “नव्या घरात सोडू,” असे ती म्हणे. घरातल्या प्रत्येक खरेदीला हेच उत्तर होते: कपाट नव्या घरात, पंखा नव्या घरात. पत्र आले की आजी विचारी, “अरे, काय म्हणतोय तो मेला?” अण्णा सांगत, “दिवाळी म्हणतो.” ती कधीही, कोणती दिवाळी, असे विचारीत नसे.

इतर ब्लॉकवाल्यांच्या सभा होत. अण्णा जात नसत. पैशावरून चारचौघांत भांडणे त्यांना कमीपणाचे वाटे. आई म्हणे, “अहो, भांडायला नको, पण बसायला काय हरकत आहे?” १९७५ च्या श्रावणात आजी गेली. तेराव्यानंतरच्या रविवारी अण्णा सभेला गेले.

तिथे एका वकिलांनी समजावून दिले की कायदा तुमच्या बाजूने आहे, पैसे मागा. अण्णांनी हिशेब मांडला. तो कागद पेटीत आहे. ३०,००० पैकी २४,००० भरलेले. व्याज धरून हाती येणार ३० हजारांच्या आसपास. त्याच भागात तेवढ्याच ब्लॉकला तेव्हा ४५ ते ५० हजार पडत होते. १९७४-७५ या एका वर्षात घाऊक किमती सुमारे २५ टक्क्यांनी चढल्या होत्या. ९ टक्क्यांचे सरळ व्याज त्यांच्यामागे धावून किती धावणार? १९६३ चा कायदा करणाऱ्यांनी निघून जाणाऱ्याची सोय पाहिली होती. ज्याला पैसे नकोत, घरच हवे, अशा थांबणाऱ्याला त्या कलमात काही नव्हते. माझ्या मते तो कायद्याचा दोष म्हणण्यापेक्षा त्या काळाचा भोळेपणा होता: पैशाची किंमत पैशाइतकीच राहील, असे त्यांनी धरले होते.

सोळा ब्लॉकवाल्यांपैकी पाचांनी पैसे मागितले आणि ते त्यांना हप्त्याहप्त्याने, रडतखडत मिळाले. अकरा थांबले. पण आता एकेकटे थांबले नाहीत. त्यांनी बिल्डरकडून लिहून घेतले की उरलेले हप्ते त्याच्या हाती न देता नळवाला, सुतार, गिलावेवाला यांना परस्पर द्यावयाचे. अण्णांकडे सिमेंट आले. परमिटासाठी ते कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले. पैसा उभा केला तो प्रॉव्हिडंट फंड, कचेरीची पतपेढी आणि आईच्या गोठांवर. गृहकर्जासाठीच म्हणून हसमुखभाई पारेख यांनी संस्था काढली ती १९७७ साली, तोवर आमची उसनवारी संपत आली होती. त्याच पावसाळ्यात ताडपत्री फाटून चाळीस पोती सिमेंट एका रात्रीत दगड झाले. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. मग त्या दगडी पोत्यांच्या जिन्यापुढे पायऱ्या केल्या. त्या अजून आहेत. पोत्याच्या विणीचे ठसे नीट पाहिले तर दिसतात.

१९७८ च्या दसऱ्याला आम्ही राहावयास गेलो. पाणी शेजारच्या विहिरीचे, महापालिकेचा नळ पुढल्या वर्षी आला. राखणदाराचे बिऱ्हाड चार दिवस आधी भांडुपच्या एका अर्धवट इमारतीत गेले होते. त्यांच्या चुलीचा काळा डाग चुन्याखालून दर पावसाळ्यात वर येई. आई तो पुसू देत नसे. देव्हारा सोडला, आईने त्यात पहिला दिवा लावला तेव्हा अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

ताबा आला, तरी जमीन बिल्डरच्याच नावावर होती. ती संस्थेच्या नावे करून देणे त्याच १९६३ च्या कायद्याने बंधनकारक होते, पण करून देणारा भेटावा लागतो. अखेर २००८ च्या दुरुस्तीने सरकारच ती करून देऊ लागले. या सोयीचे नाव ‘मानीव अभिहस्तांतरण’. उच्चारण्यास घर घेण्याइतकेच कठीण. आमच्या संस्थेला ते २०१३ साली मिळाले. अण्णा २००४ मध्ये गेले. मूळच्या अकरांपैकी तिघेच उरले होते, त्यांनी पेढे वाटले.

थांबणाऱ्याची दखल घेतली गेली ती २०१६ च्या केंद्राच्या स्थावर संपदा कायद्यात. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण २०१७ साली आले. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच इमारतीसाठी निराळ्या खात्यात ठेवावयाचे, आणि ज्याला पैसे परत नकोत त्याला ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज द्यावयाचे. अण्णांचा तो हिशेबाचा कागद समोर ठेवूनच हे वाक्य लिहिले असावे, असे मला वाचताना वाटले.

माझ्या पुतण्याने ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ब्लॉक घेतला, त्याची ताब्याची तारीख मार्च २०१९ होती. ती हुकली. तो थांबला, इतर ब्लॉकवाल्यांसह त्याने प्राधिकरणाकडे अर्ज केला. काम संपत आले आणि २०२० ची महासाथ आली. मे महिन्यात प्राधिकरणानेच इमारतींना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. त्याचा फोन आला, “काका, पुन्हा तारीख पुढे. या वेळी रोगामुळे.” मला मांडवीचे ते डॉक्टर आठवले. मी म्हटले, “ते पत्र मला आणून दे.” तो हसला. “पत्र कुठलं, काका? मेल आहे.” “मग छापून आण.”

ते आता पेटीतले दहावे. जानेवारी २०२१ मध्ये त्याला ताबा मिळाला, आणि महासाथीचे महिने वगळून बाकीच्या महिन्यांचे व्याज शेवटच्या हप्त्यातून वळते करून मिळाले. आजीचा देव्हारा त्याने मागून नेला. गोणपाटात बांधूनच नेला. ते गोणपाट आईने जपून ठेवले होते.