राजीनाम्यावर सही करताना

राजीनामा म्हटलं की आपल्याला खुर्ची सोडणं आठवतं. पेशवाईत अर्थ वेगळा होता. वाद पंचायतीपुढे नेताना दोन्ही बाजू "पंच ठरवतील ते मान्य" असं लिहून देत. राजी असल्याचा कागद, म्हणून राजीनामा. १८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांकडे गेलं, तरी ही रीत लगेच मोडली नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या सातव्या रेग्युलेशनने लवादाला कायद्यात जागा दिली.

पुढे सरकारच सर्वात मोठं बांधकाम देणारं झालं, आणि पंच कोण हेही तेच ठरवू लागलं. माझे वडील गटारी-रस्त्यांची छोटी कामं घ्यायचे. करारात छापील कलम असायचं: वाद झाल्यास अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. जादा खोदाईचं एक बिल अडलं. अडवणारं खातं तेच, निवाडा देणारंही तेच! मजुरांचा पगार भागवायला घरचं सोनं गहाण पडलं.

१९४० च्या लवाद कायद्यातही कोर्टाच्या फेऱ्या चुकत नव्हत्या. १९८१ मध्ये एका इमारतीच्या वादात सुप्रीम कोर्टानेच त्यावर कडक ताशेरे ओढले. मग १९९६ चा कायदा आला. २०१५ च्या दुरुस्तीने पक्षकाराच्या नोकराला लवाद व्हायला मनाई केली. वाद उपजल्यावर दोघांनी लेखी सूट दिली तरच चालतं. निवाड्याला मुदतही घातली. २०१९ पासून दावे-उत्तरं पूर्ण झाल्यावर १२ महिने, आणि दोघं राजी असतील तर आणखी ६. ८ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने सांगितलं की सरकारी करारातही एका बाजूने एकटीनेच लवाद नेमणं समानतेला धरून नाही.

म्हणजे दोनशे वर्षांनी आपण पुन्हा 'दोघांच्या राजी'वर आलो.

पण थांबा. "अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम" एवढंच कलम असेल, तर तो लवादाचा करारच नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये कर्नाटकातल्या बांधकाम खटल्यांत ठरवलं. मग वरचं संरक्षण लागू नाही. दिवाणी कोर्ट गाठायचं. शिवाय जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी सरकारी खरेदी करारांत लवादाचं कलम सरसकट नको, १० कोटींखालच्या वादांपुरतंच ठेवा, असं सांगितलंय.

आपल्याकडची पोरं आज कामं घेताना दर बघतात, अनामत बघतात. वादाचं कलम मात्र कुणी वाचत नाही. वडिलांनीही वाचलं नव्हतं. सही करण्याआधी तेवढं एक पान वाचा, आणि पंच कोण नेमणार ते विचारा.