बाई, पाणी पिऊ का?

यंदाच्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी माझी नात गिरगावात आमच्याकडे मुक्कामाला आली. शर्यत पहाटे सीएसएमटीहून सुटते, तिच्या घरापेक्षा आमचं घर जवळ. आल्या आल्या तिने जेवणाच्या टेबलावर दुकानच मांडलं. जेलची पाकिटं, मिठाच्या गोळ्या, खजूर. "आजी, दर पाऊण तासाने यातलं काहीतरी घ्यायचं."

"अगं, धावायला चाललीस की प्रवासाला?" मी म्हटलं. ती हसली, मीही हसले. पण रात्री झोप काही लागेना. एक जुनी गोष्ट आठवत राहिली. आज ती इथे लिहून टाकते.

1983 चा जानेवारी. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपाला वर्ष होत आलं होतं. साठाहून अधिक गिरण्या बंद, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी. मी तेव्हा परळ भागातल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. शाळेच्या क्रीडास्पर्धांत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती आठ फेऱ्यांची शर्यत होती, म्हणजे नऊ किलोमीटरच्या आसपास. लालबागच्या चाळीतला एक दहावीतला मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. पाचव्या फेरीला माझ्यासमोर येताच त्याने विचारलं, "बाई, पाणी पिऊ का?"

मी ठणकावलं, "धावताना पाणी प्यायचं नसतं. पोटात गोळा येईल!"

सातव्या फेरीत तो कट्टा धरून खाली बसला. घामाने निथळलेला, हात थरथरताहेत, नजर भलतीकडेच. कुणाच्या तरी आईने लिंबाचं सरबत आणलं होतं, ते घोटघोट पाजलं. जरा वेळाने चेहऱ्यावर तरतरी आली. मग मी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही बाई. काल संध्याकाळी चहा-पाव."

त्याची आई खाणावळ चालवायची. गिरणगावात गावाहून एकटे आलेले कामगार अशा बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे पुष्कळांना ठाऊक असेल. संपात पगार थांबले, कामगार गावी गेले आणि ताटंही उठली. एवढ्या माणसांना रोज पोटभर वाढणाऱ्या बाईचा मुलगा त्या दिवशी उपाशी धावत होता. आणि मी त्याला पाणीसुद्धा नाकारलं होतं.

हा नियम मी आणला कुठून? लहानपणी आम्हाला तो तसाच सांगितला होता. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की सगळं जगच तसं मानत होतं. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्सने पाणी मागितलं, तर त्याच्या मदतनिसांनी नुसतं तोंड ओलं करून दिलं. वर स्ट्रिक्नीन, म्हणजे चक्क विष, अंड्याच्या पांढऱ्या बलकातून पाजलं. शिवाय ब्रँडी! अर्धमेला होऊन तो जिंकला.

आपल्याकडे काटकपणाचं कौतुक होतंच. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी गडी पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यातून 1920 साली आपली माणसं अँटवर्प ऑलिंपिकला गेली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथल्या पावणेत्रेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. ही गोष्ट मी वर्गात अभिमानाने सांगायची. अभिमान योग्यच होता. पण तिचं तात्पर्य मी "सोसलं की जमतं" एवढंच काढायची, ते चुकलं.

कारण शास्त्राला उत्तर तेव्हाच मिळालं होतं. 1924 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. जे गळून गेले होते, त्यांच्या रक्तातली साखर फार उतरली होती. पुढच्या वर्षी त्यांना आधी पिष्टमय अन्न आणि धावताना गोळ्या-मिठाई दिली, तर ते बऱ्या अवस्थेत पोचले. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चारपाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो. पट्टीच्या धावपटूलाही तो तीसेक किलोमीटर पुरतो. यकृतातला साठा तर रात्रभराच्या उपासाने बराच संपतो. त्या पोराचं हेच झालं असणार. 1925 सालचं शहाणपण 1983 पर्यंत माझ्यापाशी पोचलंच नव्हतं!

सरबताचंही तसंच. साखर आणि मीठ बरोबर असलं की आतडं पाणी भराभर शोषून घेतं. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीसांनी 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत साखर-मिठाच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले.

पुढे लंबक उलटा गेला. "भरपूर पाणी प्या" असा धोशा सुरू झाला. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. मुख्य कारण, अतोनात पाणी. आता तज्ज्ञ सांगतात, तहान लागेल तसं प्या.

म्हणजे तो मुलगा बरोबर विचारत होता. त्याला तहान कळत होती. कळत नव्हतं ते मला.

दहावीनंतर तो पुन्हा दिसला नाही. लालबागच्या चाळीतून अशी कितीतरी घरं त्या काळात उठली. तो धावत राहिला का, ठाऊक नाही. एक मात्र झालं. पुढे निवृत्त होईपर्यंत मुलांना मैदानावर सोडण्याआधी मी प्रत्येकाला विचारायची, "खाल्लंस का रे?" माझ्या पिशवीत कायम गूळ-शेंगदाणे असत.

पहाटे तीनला उठून नातीला केळं आणि थोडा उपमा दिला. "आजी, एवढ्या पहाटे कशाला उठलीस?" ती म्हणाली. म्हटलं, "खा आधी. आणि तहान लागली की पाणी पी. कुणाला विचारत बसू नकोस."