डबल आणि भिडूंचें गुपित

पिपरी मेघेच्या ओसरीवरील मेंढीकोट असो, कीं मुंबईच्या जिमखान्यांतील ब्रिज असो, समोरासमोर बसलेल्या भिडूंना एक मोह नेहमींच होतो: आपल्या पानांची वार्ता एकमेकांस गुपचूप कळवावी. घरगुती डावांत डोळ्यांची खूण पकडली गेली, तर हंशा पिकतो. ब्रिजमध्यें मात्र भिडूशीं बोलण्याचा हक्क खेळानेंच दिला आहे. तो केवळ बोलीच्या द्वारें. परंतु शब्द चौघांनी ऐकला आणि अर्थ दोघांनाच ठाऊक असला, तर तें बोलणें उघड म्हणावें कीं चोरटें? या प्रश्नाचा इतिहास ‘डबल’ या एका शब्दांत सांठविलेला आहे.

मूळचें डबल म्हणजे निव्वळ आव्हान. ‘तुमचा डाव बुडणार, दंड वाढवा,’ एवढाच त्याचा अर्थ. पण प्रतिपक्ष नुसतें ‘एक बदाम’ म्हणाला असतां त्याला बुडविण्याजोगीं पानें क्वचितच हातीं येतात. म्हणून 1912-13 च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स पॅटन व ब्रायंट मॅककँपबेल यांनी स्वतंत्रपणें या रिकाम्या शब्दास नवें काम दिलें: ‘मजजवळ पानें बरीं आहेत, उरलेल्या रंगांपैकीं तुझा रंग सांग.’ धमकीचा निरोप झाला. पुढें 1957 सालीं ऑल्विन रॉथ यानें आणखी एक पाऊल टाकलें. भिडूच्या बोलीवर प्रतिस्पर्ध्यानें दुसरा रंग बोलला, तर त्यावरील डबल हेंही दंडाचें न मानतां न बोललेल्या रंगांचें सूचक मानावें, असा त्याचा संकेत होता. त्याच वर्षीं रशियाचा उपग्रह आकाशांत गेला होता. त्यावरून या डबलला ‘स्पुटनिक’ हें नांव पडलें.

शब्द एक आणि अर्थ अनेक झाले, तेव्हां नियमांना जागें व्हावें लागलें. स्पर्धात्मक ब्रिजच्या नियमावलींतील 40 वा नियम या बाबतींत मार्मिक आहे. खेळाडूनें ठरलेला संकेत सोडून प्रतिस्पर्ध्यास चकविण्यास मुभा आहे. मात्र त्याचा भिडूही तितकाच चकलेला असला पाहिजे. फसवणूक ही चकव्यांत नाहीं, ती दोघांच्या गुप्त समजुतींत आहे. म्हणूनच संकेताचा अर्थ विचारला असतां बोली करणारा गप्प बसतो आणि त्याचा भिडू उत्तर देतो. तें उत्तर ऐकून पुढील बोली बदलण्याची बोली करणाऱ्यास मनाई आहे.

सूचना केव्हां द्यावी, याविषयीं मात्र एकमत झालें नाहीं. डबलचे अर्थ इतके बहुविध, कीं पडदा नसतांना त्यावर आपण होऊन सूचना देऊंच नये, शंका असल्यास प्रतिस्पर्ध्यानें विचारावें, अशी तरतूद जागतिक ब्रिज संघानें केली. इंग्लंडनें उलट अनपेक्षित अर्थाच्या डबलवर सूचना आवश्यक ठरविली. दरम्यान 1975 च्या बर्म्युडा येथील जागतिक स्पर्धेंत भिडूंमध्यें प्रथमच पडदा उभा राहिला. तरीही तेथें टेबलाखालून पायांनी खुणा केल्याचें प्रकरण उद्भवलें. पडदा डोळे झांकूं शकतो. नियत त्याला दिसत नाहीं.

या साऱ्या नियमांचा खरा लाभ वर्षानुवर्षें एकत्र खेळणाऱ्या निष्णात जोडीस नाहीं. गांवाहून प्रथमच स्पर्धेस आलेला नवखा खेळाडू धीटपणें ‘या डबलचा अर्थ काय?’ असें विचारूं शकतो आणि त्यास खरें, पुरें उत्तर मिळतें. तो हक्क नसता, तर ब्रिज हा बुद्धीचा खेळ न राहतां ओळखीपाळखीचा खेळ झाला असता.