दोन भावांची नाव

हौसेनें बांधिलेल्या नावेचें मोल काय? अमेरिकेंतील कॉंकर्ड गांवीं १८३९ च्या वसंतांत हेन्री थोरो व त्याचा वडील बंधु जॉन यांनीं एका आठवड्यांत १५ फूट लांबीची, मच्छीमारी होडीच्या घाटाची नाव स्वहस्तें बांधिली. खालीं हिरवा रंग, कडेस निळी पट्टी; दोन डोलकाठ्यांपैकीं एक रात्रीं तंबूचा खांब होई. ३१ ऑगस्ट रोजीं उभयतां तींतून कॉंकर्ड व मेरिमॅक नद्यांच्या सफरीस निघाले. १८४२ सालीं जॉन धनुर्वातानें वारला. त्याच वर्षीं हॉथॉर्न नामक ग्रंथकारानें ती नाव ७ डॉलरांस घेतली. १८४९ सालीं हेन्रीनें सफरीचा ग्रंथ प्रसिद्ध करून बंधूचें स्मरण राखिलें. बाजारांत नावेचें मोल ठरलें खरें. परंतु भावासवें श्रमलेल्या त्या आठवड्याचें मोल, वाचकहो, आम्हीं काय ठरवावें?